सहा पदरांवरचे टेबल

अकरा वाजता पोलिसांनी मुलबाख रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाल-पांढरे अडसर लावले, तरी गॉटलोब हेफेले खिडकीतून हलला नाही. तो शेवटच्या गाडीची वाट पाहत होता. ही शेवटची, असे वाटावे आणि कुठल्या तरी आवारातून आणखी एक बाहेर पडावी, असे चार-पाच वेळा झाले. मग एक टॅक्सी गेली, तिच्यामागून मोपेडवर एक बाई गेली, आणि त्यानंतर काहीच आले नाही.

गॉटलोबला वाटले, आपले कान गेले. त्याने काचेवर नखाने टिचकी मारली. ती ऐकू आली, आणि इतकी मोठी ऐकू आली की तो दचकला.

सेहेचाळीस वर्षे तो या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहत होता. खाली रस्त्याचे सहा पदर होते आणि त्यांवरून रात्रंदिवस गाड्या जात. तो आवाज त्याला आवाज वाटतच नसे. घराला चार भिंती असतात, तशी ती पाचवी होती. आज ती कोणीतरी अलगद काढून नेली होती आणि घर एका बाजूने उघडे पडले होते.

"काय रे, पुतळ्यासारखा काय उभा राहिलास?" स्वयंपाकघरातून हिल्डे ओरडली. "ऐंशी वर्षांचा झालास म्हणून खुर्च्या आपोआप जिना उतरणार नाहीत."

"हिल्डे, इकडे ये. ऐक."

"काय ऐकू? काहीच तर नाहीये."

"तेच ऐक म्हणतोय."

हिल्डे हात पुसत आली, त्याच्या शेजारी उभी राहिली. मग तिने खाली वाकून पाहिले. "काल संध्याकाळी मी जिना पुसला, फुटपाथ झाडला," ती म्हणाली. या आठवड्यात झाडण्याची पाळी हेफेल्यांची होती, आणि इमारतीच्या रिवाजाप्रमाणे पाळीची लाकडी पाटी त्यांच्याच दाराच्या मुठीला लटकत होती. "पण आता हे सहा पदरही आपल्यात आले. यांची पाळी कोणाची?"

"तुझ्या नातीला विचार. तिनेच आणलेत ते."

ताबेआ खाली तिसऱ्या पदरावर टेबलाचे पाय उघडत होती. तिशीची, उंच, केस आजीसारखे ताठ. स्वच्छ हवेसाठी भांडणाऱ्या एका संस्थेत ती पाच वर्षे काम करत होती. हा रस्ता एका रविवारी सहा तास बंद ठेवायची परवानगी मिळवायला तिला चौदा महिने अर्ज करावे लागले होते. त्या रविवारी आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस येणार हे ध्यानात आल्यावर तिने ईस्टरच्या जेवणात सांगून टाकले होते, "कॉफी रस्त्यावर. सगळ्यांनी यायचं."

गॉटलोब खुर्ची घेऊन खाली उतरला. फुटपाथच्या कडेशी त्याचा पाय आपोआप थबकला. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पुन्हा डावीकडे पाहिले.

"या ना आजोबा," ताबेआ हसली. "कोणी येत नाहीये."

"माहीत आहे," तो म्हणाला, तरी पहिले पाऊल टाकताना त्याने श्वास रोखून धरला होता.

टेबल नेमके एका पांढऱ्या बाणावर मांडले होते. गाड्यांसाठी रंगवलेला तो बाण गॉटलोबने वरून हजारो वेळा पाहिला होता. वरून तो चमच्याएवढा दिसे. इथे, पायांखाली, तो तीन माणसे एकामागोमाग आडवी झोपतील एवढा लांब निघाला. गॉटलोब त्याच्या टोकापासून शेपटापर्यंत चालत गेला आणि परत आला. एवढी मोठी वस्तू आपल्या खिडकीखाली होती आणि आपल्याला तिचे माप ठाऊक नव्हते, याचे त्याला नवल वाटत राहिले.

"दादा! ऐंशी वर्षं नीट वागलास आणि बक्षीस म्हणून तुला भर रस्त्यात बसवलं?" त्याची धाकटी बहीण लीना उतारावरून चालत आली. मागे हातगाडी, गाडीत वाईनच्या सहा बाटल्या. ती वर द्राक्षमळ्यात राहायची; नवरा गेल्यावरही तिने मळा सोडला नव्हता. "रस्त्याच्या मधोमध चालत आले मी. शहात्तर वर्षं कडेकडेने चालले. आज मधोमध. कोणी हॉर्न वाजवला नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं."

शेवटी हार्टमुट आला. गॉटलोबचा मुलगा, ताबेआचा बाप. गाडी एक किलोमीटर लांब ठेवून चालत यावे लागल्याने तो घामेजला होता. ज्या इंजिनांच्या कारखान्यात गॉटलोबने एक्केचाळीस वर्षे काढली, तिथेच हार्टमुट आता एका विभागाचा प्रमुख होता. त्याची बायको उटे माहेरी गेली होती. बाप-लेकीच्या मध्ये बसायचे तिने केव्हाच सोडून दिले होते.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाबा," त्याने वाकून वडिलांना मिठी मारली. मग साखरेच्या भांड्याखाली ठेवलेली तपकिरी फाइल त्याला दिसली. "ही आजही आली का?"

"उद्या दुपारी बारापर्यंतच मुदत आहे, बाबा," ताबेआ म्हणाली.

"केक तरी खाऊ दे आधी माणसाला."

फाइलमध्ये काय आहे ते टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होते. मुलबाख रस्त्याची हवा कायद्याच्या मर्यादेत आणायला सरकारला भाग पाडा, असा दावा न्यायालयात चार वर्षे चालला होता. खर्च, वकील, कागद सगळे संस्थेचे. नाव मात्र पहिल्या मजल्यावरच्या ओस्टरटागबाईंचे, कारण दावेदार त्या रस्त्यावर राहणारा लागतो. एप्रिलमध्ये ओस्टरटागबाई बोडन सरोवराकाठी लेकीकडे राहायला गेल्या. उद्या दुपारपर्यंत रस्त्यावरचे दुसरे नाव आले नाही, तर दावा निकालात निघणार होता. ताबेआने बावीस घरांच्या घंटा वाजवल्या होत्या. कोणाचा भाऊ कारखान्यात, कोणाची सून. शेवटी ईस्टरला तिने आजोबांना विचारले. आजोबा म्हणाले, "पाहू." आणि त्याच रात्री हार्टमुटचा फोन आला होता. "बाबा, नका. कारखान्याच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे."

तेव्हापासून गॉटलोब पाहतच होता.

हिल्डेने वेणीसारखा विणलेला गोड पाव कापला, कॉफी ओतली. लीनाने सकाळीच वाईन उघडली म्हणून हिल्डेने भुवया उंचावल्या. आणि मग ताबेआ म्हणाली, "आजोबा, एक सांगायचंय. नळ्यांचे निकाल आलेत."

मार्च महिन्यात संस्थेने रस्त्यावरच्या बारा घरांच्या खिडक्यांबाहेर बोटाएवढ्या काचेच्या नळ्या टांगल्या होत्या. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू त्यांत महिनाभर आपोआप साठतो, मग प्रयोगशाळा तो मोजते. एक नळी हेफेल्यांच्या खिडकीला होती.

"शेजारच्या इमारतीचा आकडा त्र्याहत्तर," ताबेआ म्हणाली. "समोर बेकरीचा अडुसष्ट. मर्यादा चाळीस." ती थांबली. "आपला एकतीस."

"एकतीस!" हार्टमुटने चमचा खाली ठेवला. "म्हणजे या घराची हवा कायद्यात बसते. बाबांना तक्रार करायला जागाच नाही."

"वकीलही तेच म्हणाले," ताबेआ हळूच बोलली. "एकतीसवर आजोबांचं नाव चालणार नाही."

तिने हे लपवले नाही, याचे गॉटलोबला बरे वाटले; आणि त्याहून बरे वाटले ते वेगळ्याच कारणाने. छातीवरचा दगड कोणीतरी उचलला होता. सही करायची नाही. मुलाशी वैर नाही, नातीशीही नाही. आकड्याने निकाल दिला होता, आणि आकड्यापुढे हेफेले घराण्यात कोणी बोलत नसे. त्याने पावाचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

"असं कसं रे दादा?" लीना म्हणाली. "शेजारी त्र्याहत्तर आणि तुझ्याकडे एकतीस? धूर तुझ्या खिडकीपाशी आला की टोपी काढून वळसा घालतो की काय?"

"वाऱ्याचं सांगता येत नाही," हार्टमुट घाईने म्हणाला.

"कमी येणारच की," हिल्डे सगळ्यांच्या कपांत दूध घालत म्हणाली. "मी काळजी घेतली होती."

ताबेआने मान वर केली. "कसली काळजी, आजी?"

"त्या नळीची. तुमच्या संस्थेतली ती मुलगी नळी लावून गेली ती टोपण न लावता. उघडी! तोंड खाली करून! मी म्हटलं, विसरली बिचारी. मग रात्री शटर पाडताना मी ती आत घ्यायचे. काचेची वस्तू रात्रभर बाहेर ठेवायची म्हणजे काय? सकाळी साडेनऊला गर्दी ओसरली, खोल्यांतून हवा खेळवून झाली, की परत टांगायचे."

"आणि शनिवारी?" ताबेआने विचारले.

"शनिवारी पुसायचे. साबणाच्या पाण्याने. बाहेरून फक्त हां, आत मी बोटसुद्धा घातलं नाही." हिल्डेने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. "रविवारी आतच असायची. रविवारी माणसं येतात, खिडकीला ते लोंबकळताना बरं दिसतं का?"

लीना हसू लागली. आधी तोंडावर रुमाल धरून, मग रुमाल बाजूला टाकून. "वहिनी! अगं, धूर मोजायची नळी होती ती! तू धूर यायच्या वेळेला ती कपाटात ठेवलीस!"

"कपाटात नाही. टॉवेलांवर. मऊ जागा म्हणून."

गॉटलोबला मात्र हसू आले नाही. सकाळचा गर्दीचा वेळ गेला, रात्र गेली, रविवार गेले. त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या नाकासमोर, एक मोजमाप महिनाभर बिघडत होते आणि त्याला पत्ता नव्हता. कारखान्यात एकदा झाडणाऱ्याने तापमापक जागचा हलवला म्हणून त्याने तीन आठवड्यांच्या चाचण्या फाडून टाकल्या होत्या आणि वरच्या साहेबांच्या तोंडावर सांगितले होते, पुन्हा पहिल्यापासून.

"तो आकडा टाकून दे," तो ताबेआला म्हणाला.

"बाबा, तुम्हाला कोणी विचारलं नाहीये," हार्टमुट म्हणाला.

"आकडा खोटा आहे, हार्टमुट."

"खोटा कुठे? थोडा कमी आहे."

"अर्धा वेळ नळी टॉवेलांवर झोपलेली. तू असा आकडा माझ्या टेबलावर आणला असतास तर मी काय केलं असतं?"

ताबेआ आजीचा हात थोपटत होती, कारण हिल्डेला आता काय झाले ते कळले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. "नको गं आजी. मी उद्या कळवते, आपल्या घरचं माप बाद." मग ती आजोबांकडे वळली. तिचा आवाज बदलला. "म्हणजे आता तुमच्या नावाला काही अडचण नाही. आकडा नाही, एवढंच. दावा टिकला तर न्यायालय स्वतः मोजणी करायला लावेल."

दगड परत छातीवर येऊन बसला.

"मी आकड्याशिवाय सही करत नाही," गॉटलोब म्हणाला. "आयुष्यात केली नाही."

"ऐकलंस?" हार्टमुट खुर्चीत मागे रेलला.

"ऐकलं. तुम्हाला आनंद झाला, तोही दिसला."

"आनंद? तुझं शिक्षण कशावर झालं गं? डिझेलवर. तुझे दात सरळ झाले ते डिझेलवर!"

"मग दात परत देऊ?"

"देऊ नकोस," लीना म्हणाली, "पावाची कड कडक आहे."

"आत्या, तू थांब जरा!" हार्टमुटचा चेहरा लाल झाला होता. "बारा वर्षं मी काय करतोय? धूर स्वच्छ कसा करायचा, तेच करतोय. ही फलक हातात धरून करते, मी पाना हातात धरून करतो. पण वर्तमानपत्रात नाव येणार हिचं. आणि आता बाबांचं. सोमवारी मी फाटकातून आत जाईन तेव्हा चौदा हजार माणसं मला एकच प्रश्न विचारतील. तुझ्या बापाने हे केलं?"

"आणि मी कामावर जाते तेव्हा मला काय विचारतात?" ताबेआ म्हणाली. "तू हेफेल्यांची ना? मग इथे काय करतेस? पाच वर्षं विचारतायत."

बाप आणि लेक एकमेकांकडे बघत राहिले. दोघांची हनुवटी सारखीच पुढे आलेली होती, आणि ती गॉटलोबची हनुवटी होती. तो उठला. "पाय मोकळे करतो," असे कोणाकडेही न बघता म्हणाला आणि बाणाच्या टोकाच्या दिशेने चालू लागला.

रस्त्यावर आता बरीच माणसे होती. कोणी बुद्धिबळ मांडले होते, कोणी डांबरावर पालथे पडून पुस्तक वाचत होते. दोन म्हाताऱ्या दुभाजकाच्या कठड्यावर बसून मोजे विणत होत्या. आणि सगळे हळू बोलत होते. कोणी सांगितले नव्हते, पाटी नव्हती. तरी प्रार्थना सुरू व्हायच्या आधी चर्चमध्ये बोलतात, तसे माणसे खालच्या आवाजात बोलत होती. दूर कोणीतरी पेला ठेवला तर त्याची किणकिण चार पदर ओलांडून येत होती. गॉटलोबला स्वतःच्या बुटांचा आवाज येत होता. डावा बूट किंचित घासत होता. कधीपासून घासतो हा?

इंजिनाला लाकडी दांडी टेकवून, दुसरे टोक कानाशी धरून, कोणत्या झडपेचा दट्ट्या सैल आहे ते तो सांगत असे. नवे कामगार त्याच्याकडे जादूगाराकडे बघावे तसे बघत. आणि तेच कान घेऊन तो सेहेचाळीस वर्षे या रस्त्यावर राहिला, नि स्वतःच्या बुटाचा आवाज त्याला आज ऐकू आला.

रस्त्याच्या मधोमध लोखंडी जाळीचे एक झाकण होते. त्याच्याजवळून जाताना तो थांबला. जाळीतून काहीतरी येत होते. वास नव्हता. तो वाकला, मग गुडघ्यावर बसला, मग हात टेकून कान जाळीला लावला.

खाली पाणी वाहत होते.

गटारात ठिबकते तसे नव्हे. भरपूर पाणी, दगडांवरून उड्या घेत, घाईत, आपल्याच नादात बडबडत. मुलबाख. गिरणीचा ओढा. लहानपणी बाप सांगे, इथे गिरण्या होत्या, ओढा होता, मग शहराने तो पुरला. गॉटलोबला वाटे, पुरला म्हणजे संपला. आणि हा इथे होता. त्याच्या पलंगाखालून, त्याच्या हजारो झोपांखालून, एवढी वर्षे असाच बोलत चालला होता. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. लहानपणी एकदा प्रार्थनासभेत असे झाले होते, आणि एकदा पहिले मोठे इंजिन त्याच्या हातून सुरू झाले तेव्हा.

"टोपी घाल," मागून हिल्डे म्हणाली. ती त्याची टोपी घेऊन आली होती. डोळे अजून लाल होते.

"हिल्डे, खाली ओढा आहे."

"आहे ना."

तो गुडघ्यांवरच वळला. "तुला माहीत होतं?"

"त्र्याहत्तर साली. तेल संपत आलं म्हणून चार रविवार गाड्या बंद होत्या, आठवतं? तू कारखान्यात होतास. चारही रविवार. हार्टमुटला घेऊन मी इथे फिरले. त्याने दाखवलं मला, आई, इथे कोणीतरी बोलतंय म्हणून. तुला सांगितलं मी घरी आल्यावर. तू म्हणालास, पाण्याचे नळ असतील."

"मी असं म्हणालो?"

"जेवताना. मान वरसुद्धा केली नाहीस." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, नीट केली. "मग मीही विसरले. आता आवाज आला नि आठवलं."

तिचा हात धरून तो उठला. उठताना मान वर झाली आणि त्याला शहर दिसले. रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्याने ते कधी पाहिले नव्हते. मधोमध उभे राहायला कधी मिळालेच नव्हते. समोर टेकडी, मागे टेकडी. डावीकडे लीनाचे द्राक्षमळे पायऱ्या पायऱ्यांनी वर चढलेले, उजवीकडे घरांवर घरे नि वर जंगल. चारी बाजूंनी उंच. शहर वाडग्याच्या तळाशी बसले होते आणि वाडग्याच्या तळाशी तो उभा होता, हातात बायकोचा हात धरून. टेकड्यांवरची झाडे एकेक मोजता येतील इतकी स्वच्छ दिसत होती. सहा तासांत हवा बदलत नाही, हे त्याला माहीत होते. कदाचित त्याने बघितलेच आज होते. तो मान वर करून हळूहळू पूर्ण फिरला. त्याला चक्कर येईल म्हणून हिल्डेने त्याची कोपर धरली, आणि ती धरून तीही त्याच्याबरोबर फिरली.

"बाबा." हार्टमुट येऊन उभा होता. त्याने जाळीकडे पाहिले, मग आईकडे. "अजून बोलतोय तो?"

"अजून," हिल्डे म्हणाली.

"हार्टमुट," गॉटलोब म्हणाला. "तू एकोणीस वर्षांचा होतास. सुट्टीत माझ्या हाताखाली आला होतास. चाचणी-खोलीत इंजिन सुरू करायच्या आधी काय करायचं?"

"हे काय आता मध्येच?"

"सांग."

"पंखा," हार्टमुट म्हणाला. "धूर ओढणारा पंखा चालू आहे की नाही, ते बघायचं. हात लावून बघायचं. नुसता दिवा बघून नाही."

"पंखा बंद असेल तर?"

"इंजिन सुरू करायचं नाही."

"कोणी केलं तर?"

"तुम्ही त्याला घरी पाठवायचात. मला पाठवलं होतंत. आठवडाभर." एवढ्या वर्षांनीही त्याचे कान लाल झाले. "सगळ्यांच्या देखत."

"बरोबर. आणि पंखा धूर कुठे टाकायचा?"

"छतावरच्या नळकांड्यातून. बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

गॉटलोबने हात उचलला आणि टेकडीपासून टेकडीपर्यंत फिरवला. द्राक्षमळे, घरे, जंगल, पुन्हा द्राक्षमळे.

"एक्केचाळीस वर्षं मी बाहेर म्हणायचो," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की हिल्डेला पुढे वाकावे लागले. "रोज म्हणायचो. आणि संध्याकाळी त्याच बाहेर झोपायला यायचो. मुलं वाढवली त्यात. कधी विचारलं नाही मी. ही खोली आहे, हार्टमुट. बघ ना. चारी बाजूंनी भिंती आहेत. केवढी मोठी खोली आहे, आणि पंखा नाही."

हार्टमुटने वर पाहिले. बराच वेळ पाहिले. वडिलांनी दाखवलेल्या गोष्टीकडे लहानपणी तो असाच बघायचा, तोंड थोडे उघडे टाकून.

"आमचं नवं यंत्र धूर पुष्कळ कमी करतं," तो शेवटी म्हणाला, पण वाद घालायला नव्हे.

"माहीत आहे. चांगलं काम आहे तुझं. मला अभिमान आहे." हे त्याने यापूर्वी कधी म्हटले नव्हते, आणि हार्टमुट गडबडून बुटांकडे बघू लागला. "पण अशा खोलीत मी तुला इंजिन सुरू करू दिलं नसतं."

ते तिघे टेबलाशी परतले तेव्हा ताबेआ आणि लीना शेजारी शेजारी बसल्या होत्या. फाइल साखरेच्या भांड्याखालीच होती. गॉटलोबने भांडे बाजूला केले.

"चष्मा," तो म्हणाला. हिल्डेने एप्रनच्या खिशातून काढून दिला. त्याने कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला, एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. घाई करायची कोणाची छाती झाली नाही.

"आकड्याशिवाय, बाबा?" हार्टमुटने विचारले.

"यात आकडा कुठे लिहिलाय? यात लिहिलंय, मोजा. नीट मोजा, आणि जास्त निघालं तर कमी करा. मोजा असं सांगायला मला आकडा कशाला हवा?" त्याने पेन उघडले. "टॉवेलांवर ठेवू नका, एवढं त्यांना सांग ताबेआ."

"मी कधी नव्हे ते काही..." हिल्डे म्हणू लागली, आणि मग तिलाच हसू आले.

"कारखान्यात मला विचारतील," हार्टमुट म्हणाला.

"विचारू देत. सांग, बाप म्हातारा झाला."

"ते त्यांना माहीतच आहे."

लीना फिसकन हसली. गॉटलोबने नाव लिहिले, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. आजचीच तारीख, ऐंशी वर्षांपूर्वीची. मग तो खालच्या रिकाम्या ओळीशी थांबला.

"व्यवसाय लिहायची सक्ती नाही, आजोबा," ताबेआ पटकन म्हणाली. तिने एकदा वडिलांकडे पाहिले. "ती ओळ सोडली तरी चालते. खरंच."

गॉटलोबने मान हलवली. त्याच क्षणी द्राक्षमळ्यांकडून वाऱ्याची झुळूक आली आणि कागदाचा कोपरा उचलला गेला. ताबेआ पुढे झाली, पण तिच्याआधी हार्टमुटचा हात तिथे पोचला होता. त्याने तळवा पालथा घालून कोपरा दाबून धरला. कागद ताणला जाऊन सपाट झाला.

'चाचणी-प्रमुख, इंजिने,' गॉटलोबने लिहिले. कारखान्याच्या नोंदवहीत लिहायचा तशा सावकाश, उभ्या अक्षरांत. मग खाली सही. सहा पदरांच्या मधोमध, भर दुपारी, कागदावर पेन घासल्याचा आवाज टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू आला.

शाई वाळली. वारा कधीच पडला होता. हार्टमुटचा हात अजून कागदावर होता.